आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचा बोअर बदलला, म्हणून ते कायद्यातून सुटलं का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई अठ्ठावन्न वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. माहेर नागपुरात, महाल भागातला जुना वाडा. वडील श्रावणात गेले. वाडा पाडायचा ठरला, म्हणून सामान उपसताना देवघरामागच्या लोखंडी पेटीत आजोबांचं रिव्हॉल्व्हर, पाच काडतुसं आणि शस्त्र परवान्याचं फाटकं पुस्तक सापडलं. आजोबा मालगुजार होते. दसऱ्याला हे रिव्हॉल्व्हर पाटावर मांडून त्याची पूजा व्हायची. मुठीच्या खाचांत कुंकू अजून आहे. त्यावर ‘वेब्ली, मार्क ६, १९१७’ असं कोरलेलं आहे. परवान्यात बोअर (म्हणजे नळीचं आतलं माप, इंचांत) .४५५ लिहिला होता, तो लाल शाईने खोडून शेजारी .३२ लिहिलं आहे आणि त्यावर वाचता न येणारी एक सही आहे. मोठा बोअर सरकारने बंद केला म्हणून आजोबांनी मिस्त्रीकडून तो बदलून घेतला, असं घरात सांगत. शेवटचं नूतनीकरण वडिलांनी केलेलं, १९९४ चं. धाकटा भाऊ म्हणतो, शंभर वर्षं जुनं आहे, अँटिक आहे, परवाना लागतच नाही, आणि .४५५ ची गोळी आता मिळते कुठे? चुलतभाऊ म्हणतो, एखाद्या कारागिराकडून .३२ पक्कं करून घेऊ आणि मग परवाना काढू. अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडे जुन्या शस्त्राला कागद लागत नाहीत, मी गिऱ्हाईक बघतो. ताई विचारतात: अँटिक म्हणून घरात ठेवता येईल का? आणि पोलिसांत गेलो तर बाबांचं नाव खराब होईल का?

ताई,

आधी एक काम करा. पेटी आहे तिथेच राहू द्या, खोलीला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. घोडा ओढून बघणं, नळीत तेल सोडणं, मुठीवरचं कुंकू पुसणं, काडतूस बसतं का ते पाहणं, यातलं काहीही करू नका आणि भावांनाही करू देऊ नका. काडतुसं जुनी आहेत म्हणून ती मेलेली आहेत असं धरून चालू नका. एवढं झालं की पुढचं शांतपणे वाचा.

तिघांनी तीन सल्ले दिलेत, पण तिघांच्या डोक्यात गोष्ट एकच आहे: वस्तू म्हातारी झाली, किंवा तिचा बोअर बदलला, की कायद्याची तिच्यावरची नजर सुटते. तुम्हीही ‘अँटिक म्हणून’ हे शब्द वापरलेत. मी नागपूरच्या कोर्टात बरीच वर्षं वकिली करते आहे आणि जुन्या वाड्यांतून, शेतावरच्या घरांतून निघालेल्या शस्त्रांची प्रकरणं पाहिली आहेत. या एका शब्दाने जितक्या चांगल्या माणसांना अडचणीत आणलंय तितकं वाईट हेतूनेही आणलेलं मी पाहिलं नाही.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा. तो कुठे लागू होत नाही हे कलम ४५ सांगतं. कालबाह्य घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं शस्त्र त्यातून वगळलंय खरं, पण पुढे अट आहे: दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही, ते अग्निशस्त्र म्हणून वापरता येता कामा नये. तुमचा भाऊ वाक्याचा पहिला अर्धा भाग सांगतो. तुमचं सगळं दुसऱ्या अर्ध्यावर अवलंबून आहे. घोडा अडकलाय, स्प्रिंग गेलीय, गंज चढलाय, एवढ्याने ही सवलत मिळत नाही, कारण हे सगळं हुशार कारागीर ठीक करू शकतो. ‘दुरुस्ती करून’ हे दोन शब्द तिथे त्यासाठीच घातलेत. वयाचा आकडा या कलमात कुठेही नाही.

मग शंभर वर्षं आली कुठून? बहुधा पुरातन वस्तू आणि कलाकृतींबद्दलच्या १९७२ च्या कायद्यातून. ऐतिहासिक मोलाची वस्तू शंभर वर्षं ओलांडली की त्या कायद्याखाली येऊ शकते. पण तो कायदा शस्त्र परवान्यातून कुणाला सूट देत नाही. उलट अशी वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर पाठवायला तो बंदी घालतो. म्हणजे ते खरोखर पुरातन ठरलं तर भाच्याला ते नेता येणार नाही, आणि नाही ठरलं तर ते साधं विनापरवाना रिव्हॉल्व्हर. गिऱ्हाईक बघायचं काम त्याने आजच थांबवावं. फोटोही कुठे पाठवू नयेत.

त्याची माहिती पूर्ण चुकीची आहे असंही नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात १८९८ साली किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र ‘अँटिक’ धरलं जातं. तिथे महत्त्व बनावटीच्या सालाला. मूळ जुन्या शस्त्राचा बोअर पुढे कुणी बदलला म्हणून ते साल बदलत नाही. पण तुमच्या रिव्हॉल्व्हरवर १९१७ आहे. एकोणीस वर्षं उशीर झाला, तिकडच्या हिशेबानेही. आणि सगळीकडे सालच चालतं असंही नाही. कॅनडात १८९८ च्या आधीचं हातशस्त्रसुद्धा .३२, .३८, .४५ कोल्ट अशा ठरावीक, आजही मिळणाऱ्या काडतुसांसाठी बनवलेलं किंवा ‘त्यांच्याजोगं केलेलं’ असेल तर अँटिकची सवलत जाते. जुन्या बोअरचं पिस्तूल कुणी .३२ चं करून घेतलं, की त्याने स्वतःच्या हाताने सवलत घालवली. ब्रिटनमध्ये कालबाह्य काडतुसांची यादीच आहे, आणि २०२१ च्या नियमांनी त्यातली सात काडतुसं सवलतीतून काढून टाकली, कारण तसली जुनी रिव्हॉल्व्हरं गुन्ह्यांत वापरली जाऊ लागली होती. काडतूस ‘मिळत नाही’ म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाचं शस्त्र एका सकाळी परवान्याच्या कक्षेत आलं. भावाचा ‘गोळी मिळते कुठे’ हा मुद्दा तिकडेसुद्धा इतका कच्चा आहे. तुमच्या पेटीत तर पाच पडल्या आहेत.

आता बोअरकडे येऊ, कारण तुमच्या घरातली सगळी गुंतागुंत तिथे आहे.

आपल्याकडे काही बोअर ‘प्रतिबंधित’ आहेत. शस्त्र नियमांच्या परिशिष्टात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरबद्दल लिहिलंय की .३८० किंवा .४५५ ची काठवाली (बुडाला बाहेर आलेली कड असलेली) काडतुसं, किंवा लष्करी ९ मिलिमीटरची, किंवा .४५ ची बिनकाठाची काडतुसं ज्यात बसतात आणि उडतात, अशी कोणत्याही बोअरची हातशस्त्रं या वर्गात येतात. ‘कोणत्याही बोअरची’ आणि ‘बसतात आणि उडतात’ हे शब्द नीट पाहा. नळीवर काय कोरलंय किंवा कागदावर काय लिहिलंय यावर कायदा थांबत नाही. चक्राच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) घरात प्रत्यक्ष काय जातं आणि काय सुटतं, हे तो विचारतो. हे सगळे त्या काळातल्या फौजेचे बोअर होते. फौजेचं काडतूस नागरिकाच्या शस्त्रात चालू नये, हा त्यामागचा हिशेब.

तुमच्या आजोबांचं वेब्ली मार्क ६ हे १९१५ पासून ब्रिटिश फौजेचं रिव्हॉल्व्हर. .४५५ म्हणजे साडेअकरा मिलिमीटरची गोळी; .३२ ची आठेक मिलिमीटरची. तुम्ही लिहिलंय की नळीच्या तोंडाकडून पाहिलं तर एकात एक दोन वर्तुळं दिसतात, बाहेरचं काळपट आणि आतलं पांढुरकं. (ताई, भरलेलं आहे की नाही ठाऊक नसताना नळीत पुन्हा कधीही डोकावू नका.) त्या वर्णनावरून वाटतं, मिस्त्रीने मोठ्या नळीत पातळ नळी बसवली. चक्राच्या सहा घरांतही तशीच आवरणं घातली असतील. ती कशी बसवलीत, कायमची की निघणारी, त्यावर उत्तर फिरतं. आवरण निघत असेल आणि खाली मूळ .४५५ चं घर शाबूत असेल, तर ‘.३२ केलंय’ हे म्हणणं कुणी सहज मान्य करणार नाही. कायमचं असेल, तर ते प्रतिबंधित बोअरमधून बाहेर आलं असं म्हणता येईल कदाचित, पण त्याच क्षणी ते बाजारात सर्रास मिळणारं काडतूस घेणारं, चालतं रिव्हॉल्व्हर झालं. कलम ४५ ची सवलत मग आणखी दूर गेली. बोअर बदलल्याने शस्त्र फार तर एका खणातून दुसऱ्या खणात जातं. कपाटाबाहेर जात नाही.

चुलतभावाला हे नक्की वाचायला द्या. कलम ६ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. त्याआधी नळी आखूड करायला आणि खोट्या बंदुकीची खरी करायला परवाना लागायचा. आता नियमांतल्या एका वर्गातलं शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलायलाही लागतो. विनापरवाना केलं तर शिक्षा कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. आज ती वस्तू तुमच्याकडे वारशाने आलेली, विसरलेली, नूतनीकरण राहून गेलेली आहे. मिस्त्रीकडे नेलीत की गुन्हा तुमचा, या वर्षीचा आणि मुद्दाम केलेला होईल. आधी बदल आणि मग परवाना, हा क्रम उलटा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी हा खेळ जिवावरचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर वेब्ली रिव्हॉल्व्हरं मोठ्या संख्येने अमेरिकेत विकली गेली. तिकडे .४५५ सहज मिळेना, म्हणून कित्येकांच्या चक्राची मागची बाजू तासून त्यात .४५ ची बिनकाठाची काडतुसं बसतील असं केलं. बसली खरी, पण त्या काडतुसाचा दाब या रिव्हॉल्व्हरला पेलण्याच्या मर्यादेपलीकडचा आहे. नेहमीच्या मापाचं काडतूस वापरून चक्र फुटण्याचा धोका आजही तिकडचे जाणकार सांगतात. आणि आपल्याकडे .४५ हाही प्रतिबंधितच. तुमच्याकडची जुनी आवरणं किती घट्ट आहेत, कोणत्या लोखंडाची आहेत, कोण सांगणार?

२०२० च्या नियमबदलाची बातमी तुमच्या भावाने वाचली असेल, म्हणून तेही सांगते. त्या फेब्रुवारीत केंद्राने म्हटलं की ‘क्युरिओ’ (संग्रहात ठेवायची दुर्मीळ वस्तू) वर्गातली छोटी शस्त्रं बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागणार नाही. पण त्याच बदलात आहे की वापरायला, घेऊन फिरायला किंवा दुसरीकडे न्यायला परवाना लागेलच, आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय त्यासाठी काडतुसं विकली जाणार नाहीत. तुमचं रिव्हॉल्व्हर त्या वर्गात बसतं का, हे परवाना अधिकारी आणि शस्त्रतज्ज्ञ ठरवतील. फौजेसाठी बनलेलं, आतून बदललेलं, सोबत काडतुसं असलेलं शस्त्र क्युरिओ आहे असं मी कुणाला घरबसल्या लिहून देणार नाही.

ज्यांच्या घरी याहून जुनं, टोपीचं (दारूच्या टोपीवर घोडा आपटून बार उडणारं) रिव्हॉल्व्हर किंवा ठासणीचं पिस्तूल आहे, त्यांनाही हेच लागू. जुनं म्हणजे मूळ रूपातलंच असेल असं धरू नका. टोपीची बोमाँ-ॲडम्स रिव्हॉल्व्हरं ब्रिटिश फौजेनेच १८६८ च्या सुमारास .४५० च्या काडतुसासाठी बदलून घेतली होती. घरातली वस्तू अठराशे सत्तावन्नच्या काळातली आणि तिचं चक्र त्यानंतरचं, असं असू शकतं. आणि बार उडू शकणाऱ्या ठासणीच्या बंदुकीलाही आपल्याकडे परवाना लागतो.

आता ते फाटकं पुस्तक. ताई, त्या पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे आणि तुम्ही लिहिलंय की भाऊ ते जाळून टाकू म्हणतो. त्याला थांबवा. लाल शाईने खोडलेलं .४५५ आणि शेजारची ती सही कुणाची, हे शोधायचंय. ती परवाना अधिकाऱ्याची असेल, तर बदल सरकारदरबारी सांगून, नोंद करून झाला असं म्हणायला जागा आहे. आजोबांनी स्वतः खोडलं असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही त्या बदलाचा दोष तुमच्या माथी येत नाही. तुमचा प्रश्न आजच्या ताब्याचा आहे. मागच्या पानांवरचे शिक्के, तारखा, काडतूस खरेदीच्या नोंदी, सगळ्या पानांचे स्वच्छ फोटो काढा. पान सुटत असेल तर चिकटवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवा. रिव्हॉल्व्हरचा क्रमांक पुस्तकात नक्की असेल. तो तिथूनच टिपून घ्या, शस्त्र हातात न घेता.

मग वकिलाला सोबत घ्या आणि दोन अर्ज लिहा: एक महालाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला, दुसरा पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेला. नागपूर शहरात परवाना अधिकारी पोलीस आयुक्त आहेत. जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या वाचकांनी जिल्हाधिकारी कार्यालयात जावं. अर्जात वडिलांच्या मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, पेटी केव्हा आणि कशी सापडली, काडतुसं किती, बोअर बदलल्याचं ऐकिवात आहे, हे सगळं साधेपणाने लिहा. बदलाची गोष्ट लपवू नका, कारण तपासणीत ती पहिल्या मिनिटाला दिसणार आहे. कलम २१ खाली शस्त्र जमा करायचं आहे आणि ते घेऊन जायला कुणाला तरी पाठवावं, असं स्पष्ट मागा. पंचनाम्यात आणि पावतीत क्रमांक, स्थिती, आतलं आवरण, काडतुसांची संख्या नोंदवून घ्या.

स्वतः पिशवीत घालून ठाण्यात नेऊ नका. माझा एक अशील असाच वडिलांचं पिस्तूल जमा करायला निघाला होता, स्कूटरच्या डिकीत ठेवून. वाटेत नाकाबंदी लागली. हेतू शंभर टक्के चांगला होता, पण तो कुठे लिहिलेला नव्हता. तो शाबीत करण्यात त्याची वर्षं गेली. तुमचा अर्ज आधी पोचलेला असला आणि त्यावर पोचेचा शिक्का असला, की तुमचा हेतू कागदावर येतो.

नाग नदीत किंवा वाड्याच्या विहिरीत टाकून मोकळं व्हायचा विचारही कुणाच्या मनात आला असेल. नको. काडतुसंही नकोत, त्यांनाही परवाना लागतो, आणि वाडा पाडताना विहीर उपसली जाते. वेल्डिंग करून नळी बुजवायचा सल्लाही कुणी देईल. निकामी करायचंच असेल तर अर्जात तसं मागा आणि लेखी आदेशाने, परवानाधारक कारागिराकडून होऊ द्या.

जमा केलं म्हणजे गेलं असं नाही. ठरलेल्या मुदतीत कायदेशीर हक्क मिळवून ते परत घेता येतं किंवा रीतसर विकता येतं. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना मिळण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. बाकी वारसांची लेखी संमती तयार ठेवा, आणि तुम्हा भावंडांपैकी हा भार कोण घेणार ते आत्ताच ठरवा. मात्र परवाना १९९४ नंतर थकलेला आहे, ही अडचण राहीलच. तपासणीत ते .४५५ च ठरलं, तर विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, तेव्हा फार आशा धरू नका. मला विचाराल तर, सिव्हिल लाइन्सच्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, शस्त्रांचं दालन आहे. तिथे हे घेतील का, असं परवाना शाखेमार्फत विचारून पाहा. तुमच्या नातवंडांना ते काचेआड दिसेल आणि खाली आजोबांचं नाव असेल. घरी कुलपात ठेवलेल्या आणि कुणालाच दाखवता न येणाऱ्या वस्तूपेक्षा मला ते बरं वाटतं. पण वारसा तुमचा आहे, निर्णयही तुमचाच.

धोका किती, तेही सांगते. विनापरवाना साधं शस्त्र बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं आहे, प्रतिबंधित शस्त्राची सात ते चौदा. आकडे मोठे आहेत. पण ताबा म्हणजे जाणीव असलेला ताबा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच सांगितलंय, आणि परवान्याशिवाय बाळगल्याच्या कलम ३ च्या गुन्ह्यात खटल्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. पेटी उघडेपर्यंत तुम्हाला ठाऊक नव्हतं. आता आहे. म्हणून पितृपक्ष होऊ दे, दिवाळी होऊ दे, असं करत बसू नका. याच आठवड्यात अर्ज जायला हवा.

राहिला बाबांच्या नावाचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की शेवटची काही वर्षं दसऱ्याला बाबा पाटावर नुसती कट्यार ठेवायचे आणि कुणी विचारलं तर विषय बदलायचे. मला वाटतं, नूतनीकरणाची तारीख एकदा हुकली, मग कचेरीत जायची भीती वाटली, आणि भीतीतच तीस वर्षं गेली. असे वडील मी बरेच पाहिलेत. अर्जात त्यांचं नाव येईल, ते टाळता येणार नाही. ‘परवानाधारक’ या शब्दापुढे ते पूर्ण लिहा, परवाना क्रमांकासकट. १९९४ पर्यंतचं प्रत्येक नूतनीकरण त्यांनी वेळेवर केलं होतं, हेही त्याच्या खालच्याच ओळीत लिहा. त्याचा पुरावा तुमच्याकडे आहे.